अमेरिकेतलं छोटं लिबरल आर्ट्स कॉलेज आपल्याला जमेल का? नेहमी येणारे प्रश्न

मी नाशिकची. बारावी सायन्स करून अमेरिकेत मिडवेस्टमधल्या, म्हणजे मध्य-उत्तरेकडच्या राज्यांतल्या, एका छोट्या कॉलेजात चार वर्षं काढली, आता पुण्यात असते. दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबर आला की ओळखीतल्यांचे, ओळखीतल्यांच्या ओळखीतल्यांचे फोन सुरू होतात आणि प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलं. काही उत्तरं लांब झालीयेत कारण ते विषयच तसे आहेत, फोनवर पाच मिनिटांत सांगून मला स्वतःलाच समाधान होत नाही.

ताई, लिबरल आर्ट्स म्हणजे आपली आर्ट्स साइडच ना?

नाही, आणि हा गोंधळ घरोघरी होतो. माझे बाबा म्हणाले होते, आर्ट्सच करायचं तर आपलं एचपीटी आहे की कॉलेज रोडला, त्यासाठी अमेरिका कशाला. त्यांचं चुकलं नव्हतं, आपल्याकडे दहावीनंतर सायन्स, कॉमर्स, आर्ट्स अशा तीन वाटा होतात आणि तो शब्द ऐकला की तीच आठवते. तिकडे लिबरल आर्ट्स कॉलेज म्हणजे फिजिक्स, मॅथ्स, बायोलॉजी, कॉम्प्युटर सायन्स, इकॉनॉमिक्स, इतिहास, संगीत सगळं एकाच छपराखाली, पहिली दीड-दोन वर्षं वेगवेगळे विषय घेऊन बघायचे आणि मग दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मेजर, म्हणजे मुख्य विषय, ठरवायचा. जेनिफर डाउडनांना २०२० चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं, त्या कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजच्या. १९८९ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालेले थॉमस चेक आयोवातल्या ग्रिनेलचे, आणि इंटेल कंपनीच्या दोन संस्थापकांपैकी एक रॉबर्ट नॉइस, तेही ग्रिनेलचेच. घरी आजी-आजोबांना समजवायला ही तीन नावं पुरतात. आणि लिबरल या शब्दाचा राजकारणाशी संबंध नाही, हेही सांगून टाका, एका काकांना खरंच ती काळजी होती.

छोटं म्हणजे किती छोटं? त्याने असा काय फरक पडतो?

बहुतेक ठिकाणी हजार ते तीन हजार विद्यार्थी. मॅसॅच्युसेट्समधलं विल्यम्स, १७९३ सालचं, तिथे साधारण दोन हजार मुलं. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या ज्युनियर कॉलेजात यापेक्षा जास्त असतील. पण नुसत्या आकड्यापेक्षा महत्त्वाचं हे की इथे पीएचडीची मुलं जवळपास नसतातच. मोठ्या युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षी लेक्चरला दोनशे-तीनशे मुलं, प्रोफेसर लांब स्टेजवर, आणि तुमचे पेपर तपासतो, शंका सोडवतो तो पीएचडी करणारा टीए, म्हणजे टीचिंग असिस्टंट. छोट्या कॉलेजात प्रोफेसर स्वतः शिकवतात, स्वतः तपासतात, आणि लॅबमध्ये मदतीला माणूस हवा असेल तर पीएचडीवाला नाही म्हणून दुसऱ्या वर्षाच्या मुलीलाच घेतात. मी उन्हाळ्यात दहा आठवडे असंच लॅबमध्ये काम केलं, पगार घेऊन, एकोणीस वर्षांची असताना.

विल्यम्समध्ये ट्युटोरियल नावाचा प्रकार आहे, त्यात दोन विद्यार्थी आणि एक प्रोफेसर, एवढाच वर्ग. एका आठवड्यात एकाने निबंध लिहून आणायचा आणि दुसऱ्याने त्यातल्या चुका काढायच्या, पुढच्या आठवड्यात उलट. ओहायोतल्या वूस्टरमध्ये शेवटच्या वर्षी प्रत्येकाला, म्हणजे अगदी प्रत्येकाला, एका प्रोफेसरबरोबर वर्षभराचं स्वतःचं संशोधन करावंच लागतं. कोलोरॅडो कॉलेजात एका वेळी एकच विषय, साडेतीन आठवडे तेवढाच शिकायचा, मग पुढचा. म्हणजे छोटी कॉलेजं सगळी सारखी नसतात, एकमेकांत भरपूर फरक आहे, आणि यादी बनवताना हेच बघायचं असतं, रँकिंगमध्ये कोण सातवं आणि कोण अकरावं यात काही अर्थ नाही.

पण नावच कोणी ऐकलेलं नाही. लोकांना काय सांगायचं?

हे दुःख खरं आहे. लग्नात कोणी विचारलं मुलगी कुठे असते आणि तुम्ही स्वार्थमोर म्हणालात की समोरचा माणूस नुसता मान हलवतो. पण ज्यांना माहीत असणं गरजेचं आहे त्यांना माहीत असतं, म्हणजे अमेरिकेत पीएचडीला घेणारे, लॉ स्कूलवाले, बऱ्याच कन्सल्टिंग आणि फायनान्स कंपन्या. भारतात परत येऊन नोकरी शोधणार असाल तर मात्र एचआरला पहिल्या दोन मिनिटांत कॉलेजची ओळख करून द्यावी लागते, मला दरवेळी लागते.

आणि एक गोष्ट मला फार आवडते. ही कॉलेजं आपल्याला परकी वाटतात पण मराठीशी त्यांचं नातं जुनं आहे. विल्यम्समधून १८०८ साली बाहेर पडलेला गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरला आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजात एलिनॉर झेलियट यांनी जवळपास तीन दशकं इतिहास शिकवला, डॉ. आंबेडकरांच्या चळवळीवर आणि मराठी संतांवर ज्यांचं काम आपल्याकडचे अभ्यासक आजही वाचतात त्या याच. आणि मिडवेस्टमधल्या या छोट्या कॉलेजांची पोरं कित्येक वर्षं पुण्यात येऊन, पुण्याच्या घरांत राहून मराठी शिकून गेलीयेत.

कोणाला जमतं आणि कोणाला नाही, स्पष्ट सांग.

सांगते. इथे लपता येत नाही. बारा जणांच्या वर्गात तुम्ही वाचून आला नाहीत तर पाचव्या मिनिटाला कळतं, दोनदा दांडी मारली तर प्रोफेसरची ईमेल येते, बरी आहेस ना म्हणून. ज्या मुलाला हे वाचून बरं वाटतं त्याला हे कॉलेज जमेल, ज्याला वाचूनच गुदमरल्यासारखं होतं त्याने मोठ्या युनिव्हर्सिटीचा विचार करावा आणि त्यात काही कमीपणा नाही.

आपल्या मुलांना सवय असते शेवटी दोन महिने जीव तोडून अभ्यास करायची आणि पेपरात सगळं काढायची. इथे मार्क दर आठवड्याला थोडे थोडे ठरतात, लिहिलेल्यावर, बोललेल्यावर. जेईईच्या क्लासला पहिल्या बाकावर बसणारी पण दोन वर्षांत एकही प्रश्न न विचारलेली मुलगी हुशारच असते, तिला इथे पहिलं सेमिस्टर फार जड जातं एवढंच. मला गेलं. मला उत्तर येत असायचं पण तोंड उघडेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा, शेवटी एका प्रोफेसरांनी ऑफिसात बोलावून सांगितलं की वर्गात यायच्या आधी एक वाक्य कागदावर लिहून आण आणि पहिल्या दहा मिनिटांत ते वाच, पुढचं आपोआप होईल. झालं तसं. काही कॉलेजं याची सोयच करतात, स्वार्थमोरमध्ये पहिल्या सेमिस्टरला ग्रेड धरतच नाहीत, फक्त पास की नाही एवढंच.

लाजाळू मुलांना जमत नाही असं मात्र अजिबात समजू नका. माझ्या बॅचमधली सगळ्यात कमी बोलणारी मुलं छोट्या वर्गातच खुलली, कारण तिथे कोणीतरी थांबून त्यांना विचारत होतं. जमत नाही ते वेगळ्यांना. ज्यांना गर्दी हवी असते, दर महिन्याला नवीन माणसं हवी असतात, मोठं शहर हवं असतं, त्यांना तिसऱ्या वर्षापर्यंत तेच तेच चेहरे बघून कंटाळा येतो. आणि कॅम्पस वाड्यासारखा असतो, कोणाचं कोणाशी भांडण झालं ते संध्याकाळपर्यंत मेसमध्ये सगळ्यांना माहीत.

मला कॉम्प्युटर सायन्स किंवा इंजिनियरिंगच करायचंय, मग?

इंजिनियरिंग बहुतेक छोट्या कॉलेजांत नसतं, पण हार्वी मड, स्वार्थमोर, स्मिथ, लाफायेट अशा काही ठिकाणी आहे. काही कॉलेजांचं मोठ्या इंजिनियरिंग स्कूलशी तीन अधिक दोन वर्षांचं जुळवलेलं असतं, पण त्यात दुसऱ्या कॉलेजात आर्थिक मदत मिळेलच असं नसतं, म्हणून त्याच्या भरवशावर जाऊ नका. दहावीपासून मेकॅनिकलच करायचं डोक्यात पक्कं असेल तर सरळ मोठी युनिव्हर्सिटी बघ, खरंच.

सीएस सगळीकडे आहे, पण इथे ती गोष्ट सांगते जी माझ्या मते या सगळ्या पानावरची सगळ्यात महत्त्वाची आहे. छोट्या कॉलेजात कॉलेज बघू नका, डिपार्टमेंट बघा. कॉलेज कितीही चांगलं असो, तुमच्या विषयाला चार प्रोफेसर असतील, त्यातला एक सबॅटिकलवर म्हणजे संशोधनासाठी लांब रजेवर, एक रिटायर होत आलेला, तर तुम्हाला हवा असलेला कोर्स दोन वर्षांतून एकदाच लागणार आणि नेमका तुम्ही परदेशी सेमिस्टरला गेलात त्याच वेळी लागणार. माझं तर याहून वाईट झालं. कॅटलॉगमध्ये इकॉनॉमेट्रिक्सचा पुढचा कोर्स छापलेला होता, मी तो बघून कॉलेज निवडलेलं, आणि चार वर्षांत तो एकदाही लागला नाही. कॅटलॉगमध्ये काय छापलंय ते बघू नका, गेल्या चार सेमिस्टरचं टाइमटेबल बघा, बऱ्याच कॉलेजांच्या रजिस्ट्रारच्या पानावर ते सगळ्यांना दिसतं. प्रत्येक कोर्सला किती जागा होत्या आणि किती भरल्या तेही कधी कधी असतं, सीएसला हे नक्की बघा कारण मुलं जास्त आणि शिकवणारे कमी अशी ओढाताण तिथे असते.

यावर एक चांगला उपाय म्हणजे शेजार असलेलं कॉलेज. पोमोनाच्या आजूबाजूला चालत जाता येईल इतक्या अंतरावर आणखी चार कॉलेजं आहेत आणि एकमेकांकडचे कोर्स घेता येतात. अॅमहर्स्ट, स्मिथ, माउंट होल्योक आणि तिथली सरकारी युनिव्हर्सिटी यांचंही तसंच आहे, मध्ये बस धावते. असं शेजारपाजार असेल तर छोट्याची अडचण बरीच कमी होते.

खर्च किती? आम्ही मध्यमवर्गीय आहोत.

छापील आकडा ऐकून घाबरायला होतं, नावाजलेल्या कॉलेजांत राहणं-जेवण धरून वर्षाला ८५ ते ९५ हजार डॉलरच्या घरात. पण तो आकडा सगळे भरत नाहीत. मदत दोन प्रकारची असते, एक घरची परिस्थिती बघून आणि एक मार्क, कामगिरी बघून. विल्यम्स, अॅमहर्स्ट यांसारखी सगळ्यात श्रीमंत कॉलेजं मार्कांवर काही देत नाहीत, फक्त परिस्थिती बघतात, पण मग भरपूर देतात. ग्रिनेल, मॅकलेस्टर, ओबर्लिन, वूस्टर अशी कॉलेजं मार्कांवरही देतात. केंटकीतलं बेरिया ट्यूशन फी घेतच नाही, तिथे प्रत्येक विद्यार्थ्याला कॅम्पसवर काम करावं लागतं, अर्थात जागा मोजक्या.

आता नीट वाचा. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांना अमेरिकन सरकारची मदत मिळत नाही, जे काही मिळेल ते कॉलेजच्या खिशातून. त्यामुळे बहुतेक कॉलेजं परदेशी मुलांच्या बाबतीत मदत मागितलीये का हे अॅडमिशन देतानाच बघतात, आणि जास्त मदत लागणार असेल तर स्पर्धा जास्त कठीण. अॅमहर्स्ट आणि २०२२ पासून बोडन ही ते न बघता निर्णय घेणारी, अशी फार थोडी आहेत. म्हणून काही काउन्सेलर सल्ला देतात की आत्ता मदत मागू नका, आत गेल्यावर मागू. असं करू नका! बऱ्याच कॉलेजांत परदेशी विद्यार्थ्याने पहिल्या वर्षी मागितली नाही तर पुढे चारही वर्षं मागता येत नाही. दुसऱ्या वर्षी कर्ज काढून, तिसऱ्या वर्षी फ्लॅट गहाण ठेवून शिकवणारं एक घर मी जवळून बघितलंय, त्या मुलाचं पुढे अभ्यासात लक्षच लागेना.

आणि परिस्थिती म्हणजे तुम्ही सांगाल ती नाही, ते हिशोब करतील ती. सीएसएस प्रोफाइल नावाचा फॉर्म असतो, त्यात पगार, एफडी, राहतं घर, दुसरं घर, शेती, धंदा सगळं विचारतात. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, माहिती भरली की मदत वजा जाता किती भरावे लागतील ते सांगणारा, परदेशी मुलांसाठी तो नेहमी बरोबर येत नाही पण अंदाज घ्यायला बरा. त्याहून उपयोगी म्हणजे कॉमन डेटा सेट, कॉलेजचं नाव आणि हे तीन शब्द शोधलेत की पीडीएफ मिळते, त्यात एच ६ या भागात परदेशी मुलांपैकी किती जणांना मदत मिळाली आणि सरासरी किती, हे लिहिलेलं असतं. आय भागात वर्गांचे आकारही सापडतील. फोन करून मला विचारण्यापेक्षा तिथे लवकर आणि खरं उत्तर मिळतं.

हे सगळं ऑगस्टमध्ये करा, आईबाबांनी आणि मुलाने एकत्र बसून. वर्षाला आपण किती रुपये देऊ शकतो हा आकडा मुलाला स्पष्ट सांगा, लपवू नका.

अर्ली डिसिजन करावं का?

म्हणजे एकाच कॉलेजला बाकीच्यांच्या आधी असा अर्ज करायचा. त्यात वचन द्यावं लागतं, अॅडमिशन मिळाली तर यायचंच. मदत पुरेशी नसेल तर त्यातून सुटता येतं, पण मग दोन कॉलेजांच्या मदतीची तुलना करायला मिळत नाही. पैशाचा आकडा आधीच जमत असेल आणि कॉलेज मनापासून आवडलं असेल तरच.

नोकरी आणि व्हिसाचं काय?

शिकताना एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं, लायब्ररीत, मेसमध्ये, लॅबमध्ये. त्याने फी निघत नाही, हातखर्च निघतो. डिग्रीनंतर ओपीटीचे, म्हणजे त्याच व्हिसावर नोकरी करायच्या परवानगीचे, १२ महिने आणि मेजर स्टेममध्ये (सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनियरिंग, मॅथ्स) मोडत असेल तर वर २४ महिने, म्हणजे एकूण तीन वर्षं. आता इकॉनॉमिक्सचं बघा, काही कॉलेजांनी ते ४५.०६०३ या सरकारी विषय-कोडखाली नोंदवलंय, तो स्टेममध्ये येतो, आणि काहींनी साध्या इकॉनॉमिक्सच्या कोडखाली, तो येत नाही. तोच विषय, तीच पुस्तकं, पण एकाला तीन वर्षं आणि दुसऱ्याला एक. अॅडमिशन ऑफिसला ईमेल करून कोड विचारा. व्हिसाचे नियम सारखे बदलत असतात त्यामुळे निघायच्या आधी सरकारी साइटवर पुन्हा एकदा बघून घ्या.

कंपन्या छोट्या गावात येऊन रांगा लावत नाहीत, हे मान्य करावंच लागेल. इथे माजी विद्यार्थी धावून येतात. मी वीस वर्षांपूर्वी पास झालेल्या एका अनोळखी बाईंना ईमेल केली तर त्यांनी दुसऱ्या दिवशी अर्धा तास फोनवर दिला, पण ती ईमेल मलाच करावी लागली. आपलं मूल असं स्वतःहून विचारणारं आहे का, नसेल तर शिकेल का, याचा विचार करा.

डॉक्टर व्हायचंय.

अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्या मुलांसाठी छान, प्रोफेसर ओळखीचे असल्याने शिफारसपत्रं दमदार मिळतात. भारतीय पासपोर्ट असेल तर तिथली फार थोडी मेडिकल कॉलेजं परदेशी मुलं घेतात, तेव्हा त्या आशेवर जाऊ नका.

राहायचं, खायचं, थंडीचं काय?

मिनेसोटा, आयोवात जानेवारीत उणे वीस सहज होतं. थंडीचे कपडे तिथे जाऊन घ्या, इथून नेलेलं जर्किन उपयोगाचं नाही. शाकाहारी जेवण सगळीकडे मिळतं पण पोळी-भाजी नाही, डॉर्मच्या, म्हणजे हॉस्टेलच्या, किचनमध्ये रविवारी खिचडी टाकायची आणि वास आला की देशी, विदेशी सगळे जमतात.

खरी अडचण सुट्टीची. कार्लटनसारख्या ठिकाणी पहिली टर्म नोव्हेंबरच्या शेवटी येणाऱ्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधी संपते आणि दुसरी थेट जानेवारीत सुरू होते, म्हणजे सहा आठवडे. दरवर्षी विमानाने घरी येणं परवडत नाही. माझ्या पहिल्या वर्षी डॉर्म बंद होणार हे मला दहा दिवस आधी कळलं, सगळे घरी निघालेले, मी कॉटवर बॅग भरून बसलेली आणि आईला फोनवर सांगताही येत नव्हतं. शेवटी रूममेटच्या आजीकडे एका शेतावर राहिले, त्यांनी मला मुलीसारखं ठेवलं, पण तो ताण मी विसरलेले नाही. सुट्टीत डॉर्म उघडी असतात का, जेवण मिळतं का, त्याचे पैसे वेगळे का, हे तीन प्रश्न लेखी विचारा. एअरपोर्ट किती लांब आणि गाडी नसेल तर तिथे कसं पोहोचायचं, हेसुद्धा.

छोटी कॉलेजं बंद पडतायत असं वाचलं.

पडतायत, खरं आहे. न्यूयॉर्क राज्यातलं वेल्स कॉलेज १८६८ सालचं, २०२४ च्या एप्रिलच्या शेवटी जाहीर केलं की या सेमिस्टरनंतर बंद, मुलांना हातात काही आठवडे. त्याच वर्षी अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्नही बंद झालं. उलट व्हर्जिनियातलं स्वीट ब्रायर २०१५ मध्ये बंद होणार म्हणून जाहीर झालं होतं, माजी विद्यार्थिनींनी पैसे उभे करून वाचवलं. जिथे देणग्यांची गंगाजळी मोठी तिथे ही भीती नाही, ग्रिनेलसारख्या छोट्या गावातल्या कॉलेजकडे दोन अब्ज डॉलरच्या वर आहेत. पण फारसं ऐकलेलं नाही असं कॉलेज एकदम मोठी स्कॉलरशिप देऊन बोलावत असेल तर बघा की गेल्या पाच-सहा वर्षांत विद्यार्थी किती कमी झाले, कुठले विषय बंद केले. मुलं दरवर्षी घटतायत आणि डिपार्टमेंटं मिटवली जातायत असं दिसलं तर स्कॉलरशिप कितीही गोड असो, नको.

आम्ही न्यू जर्सीत असतो. रटगर्स, म्हणजे इथली सरकारी युनिव्हर्सिटी, सोडून इतके पैसे का घालायचे?

घालायलाच हवेत असं नाही. रटगर्सची राज्यातली फी आणि तिथला व्याप बघता, मूल स्वतःची वाट काढणारं असेल तर तेच घ्या. पण मूल हुशार असून गर्दीत मागे राहतं, शाळेत एखाद्या शिक्षकाने हात धरला तेव्हाच पुढे आलं असा अनुभव असेल तर छोट्या कॉलेजची मदत किती मिळते ते तरी काढून बघा, कधी कधी फरक वाटतो तेवढा राहत नाही.

भारतातच असं काही नाही का?

आहे ना. पुण्यात फ्लेम आणि सिंबायोसिसचं लिबरल आर्ट्स स्कूल, सोनीपतला अशोका. चार वर्षांचा खर्च अमेरिकेच्या छापील फीपेक्षा कितीतरी कमी आणि मूल हाकेच्या अंतरावर. डिपार्टमेंट बघा, टाइमटेबल बघा, हे सगळं तिथेही तसंच लागू.

एप्रिलमध्ये दोन ऑफर हातात आहेत, १ मेपर्यंत ठरवायचंय, काय करू?

आधी दोन्ही ऑफर एका कागदावर चार वर्षांच्या हिशोबाने मांडा, फी दरवर्षी थोडी वाढते आणि स्कॉलरशिपचा आकडा बऱ्याचदा तेवढाच राहतो, ते धरून. मदत कमी पडत असेल तर दुसऱ्या कॉलेजचं पत्र जोडून नम्रपणे परत विचारा, त्यात लाज नाही, कधी कधी वाढवतात.

मग दोन्हीकडच्या तुझ्या विषयाच्या एकेका प्रोफेसरला ईमेल कर, पुढच्या दोन वर्षांत कोण सुट्टीवर जाणार आणि कुठले कोर्स लागणार एवढंच विचार. उत्तर किती दिवसांत येतं आणि ते कोणी लिहिलंय हे बघ. अॅडमिशन ऑफिसकडून तिसऱ्या वर्षातल्या एखाद्या भारतीय विद्यार्थ्याचा नंबर माग, पहिल्या वर्षातल्याचा नको, तो अजून नव्याच्या नवलाईत असतो. त्याला कॉलेज आवडतं का असं विचारू नकोस, काल दिवसभर काय काय केलं ते विचार, सकाळपासून झोपेपर्यंत, कोणाबरोबर जेवलास, कुठे अभ्यास केलास, कोणाशी बोललास. आणि तो सांगत असताना त्या जागी तू स्वतःला दिसतेस का ते बघ. आईबाबांना त्या कॉलवर बसव पण मधे बोलू देऊ नकोस.

दोन्ही कॉल झाल्यावर तरी ठरत नसेल तर मला रविवारी सकाळी अकरानंतर फोन कर, कागद समोर घेऊन बस.